लवचीक वस्त्रसंवेदक

लवचीक वस्त्रसंवेदक म्हणजे कापडात विणलेला, शिवलेला, भरतकामाने बसवलेला किंवा लेप देऊन तयार केलेला संवेदक (सेन्सर) होय. अंगावरील कापड ताणले वा आवळले गेले की त्याच्या विद्युत् गुणधर्मात बदल होतो. तो बदल मोजून शरीराची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांची नोंद घेतली जाते. छातीभोवतीचा पट्टा, बनियन, मोजा, हातमोजा, गुडघ्यावरील आवरण, अंथरुणावरील चादर अशा विविध रूपांत हे संवेदक आढळतात. तांत्रिक वस्त्रांच्या वर्गवारीत त्यांची गणना उपयोगानुसार वैद्यकीय वस्त्रे (मेडिटेक) किंवा क्रीडावस्त्रे (स्पोर्टेक) यांत होते. बोलीभाषेत त्यांना 'स्मार्ट कापड' म्हटले जाते. परंतु त्या नावाखाली उष्णतेने रंग बदलणारे किंवा दिवे लावलेले कापडही येत असल्याने ही संज्ञा फार सैल आहे.

या संवेदकांविषयी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. श्वास मोजणारे वस्त्र प्रत्यक्षात हवा मोजत नाही. ते धडाचा बदलता घेर मोजते. घेर आणि हवा यांचे नाते बहुतेक वेळा सरळ असते, पण नेहमीच नसते. या तंत्राचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सर्व मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

कार्यतत्त्व

विद्युत्‌वाहक तार ताणली की तिची लांबी वाढते, जाडी घटते आणि परिणामी तिचा विद्युत्‌रोध वाढतो. हा परिणाम लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये नोंदवला. तार एक टक्क्याने लांबली की रोध सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. या गुणोत्तरास मापनगुणक (गेज फॅक्टर) म्हणतात. पूल, इमारती व यंत्रे यांवरील ताण मोजण्यासाठी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले धातूचे ताणमापक याच तत्त्वावर चालतात. मात्र धातूची पट्टी थोड्याच टक्क्यांच्या ताणाने कायमची विकृत होते किंवा तुटते. याउलट गुडघा वा कोपर वाकवताना तेथील त्वचा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत ताणली जाते. शरीरासाठी पोलादी पट्टीपेक्षा कापड योग्य ठरते ते या कारणाने.

श्वासाचा ताण मात्र लहान असतो. शांत श्वासात प्रौढ व्यक्तीच्या छातीचा घेर साधारणतः एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी बदलतो. घेर ९० सेंटीमीटर धरला तर हा ताण सुमारे एक टक्का भरतो. दीर्घ श्वासात तोच फरक चार-पाच सेंटीमीटरपर्यंत जातो. म्हणजे एकाच सदऱ्यातील कोपराजवळच्या संवेदकाने मोठा ताण सोसला पाहिजे आणि छातीवरच्या संवेदकाने अगदी सूक्ष्म ताण ओळखला पाहिजे. एकच धागा दोन्ही कामे सारख्याच चोखपणे करू शकत नाही.

कापडाची रचना येथे निर्णायक ठरते. हातमागावर किंवा यंत्रमागावर ताणा आणि बाणा काटकोनात गुंफून विणलेले कापड फारसे ताणले जात नाही. स्वेटर किंवा होजियरी बनियनप्रमाणे टाक्यात टाका अडकवून तयार केलेले कापड मात्र सहज ताणले जाते आणि सोडल्यावर आवळते. म्हणून बहुतेक वस्त्रसंवेदक टाक्यांच्या कापडाचे असतात. त्यात विद्युत्‌वाहक सुताचे टाके एकमेकांना असंख्य ठिकाणी टेकलेले असतात. कापड ताणले की काही ठिकाणचा स्पर्श घट्ट होतो, काही ठिकाणचा सुटतो आणि एकूण रोध बदलतो. टाक्यांची घडण व ताणाची दिशा यांनुसार काही कापडांत ताणल्यावर रोध वाढतो, तर काहींत तो चक्क कमी होतो. तारेचा साधा नियम येथे लागू पडत नाही. प्रत्येक विणीचा नियम वेगळा काढावा लागतो.

प्रकार

रोधावर आधारलेले संवेदक सर्वांत सोपे व स्वस्त आहेत. त्यांचा मोठा दोष असा की, ताणताना आणि सोडताना ते एकाच लांबीला दोन निरनिराळी मापे दाखवतात. पट्टा पुन्हा मूळ लांबीवर आला तरी रोध लगेच मूळ अंकावर येत नाही, मागे रेंगाळतो. श्वासांची संख्या मोजताना याने फारसे बिघडत नाही, कारण लाटा मोजायच्या असतात, त्यांची उंची नव्हे. श्वासाची खोली सांगायची झाली की हाच दोष आडवा येतो.

धारकतेवर आधारलेल्या संवेदकात दोन वाहक थरांमध्ये रबरासारखा लवचीक विद्युत्‌रोधक थर असतो. ताणल्यावर मधला थर पातळ होतो आणि धारकता वाढते. याची मापे अधिक सरळ व स्थिर असतात. परंतु जवळून हात फिरला किंवा कापड घामाने ओले झाले तरी आकडा हलतो, त्यामुळे आवरणाची काळजी घ्यावी लागते.

प्रवर्तनाधारित पट्ट्यात लवचीक पट्टीवर नागमोडी तार शिवलेली असते. ती छातीभोवती एक वेढा तयार करते आणि वेढ्याच्या आतील क्षेत्रफळ बदलले की तारेचे प्रवर्तकत्व बदलते. असा एक पट्टा छातीवर व दुसरा पोटावर बांधतात. निद्राविकारांच्या तपासणीत श्वासाचा प्रयत्न नोंदवण्यासाठी ही पद्धत जगभर प्रमाण मानली जाते. वस्त्राधारित श्वासमापनातील सर्वांत विश्वासार्ह पद्धत तीच आहे. धाग्यांची नवलाई तिच्यात कमी आहे, म्हणून वृत्तपत्रांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

दाबविद्युत् संवेदक दाबाच्या किंवा ताणाच्या बदलातून स्वतःच विद्युत्‌भार निर्माण करतात. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या बहुवारिकाचा हा गुण जपानमधील हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवला. त्याची पातळ पटले व धागे आता तयार होतात. हे संवेदक केवळ बदलाला प्रतिसाद देतात, स्थिर स्थितीला नाही. त्यामुळे हृदयाचे ठोके व श्वास यांसाठी ते उत्तम, पण वाकून बसलेल्या माणसाची पाठ किती वेळ वाकलेली होती हे ते सांगू शकत नाहीत. याशिवाय प्रकाशतंतूंवर चालणारे संवेदकही आहेत. त्यांत वीज वाहत नसल्याने चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन (एमआरआय) यंत्राच्या आत त्यांचा उपयोग होतो.

वाहक धागा आणि जर

कापूस, रेशीम व नायलॉन हे विद्युत्‌रोधक पदार्थ आहेत. त्यांना वाहक करण्यासाठी नायलॉनवर चांदीचा मुलामा देतात, सुतात पोलादाचे सूक्ष्म तंतू मिसळतात, किंवा कार्बन, ग्राफीन अथवा विद्युत्‌वाहक बहुवारिकाचा लेप देतात. वाहक बहुवारिकांच्या शोधासाठी ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड व हिदेकी शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धातूने मढवलेला धागा ही कल्पना मात्र भारतीय विणकरास नवी नाही. पैठणीच्या पदरातील अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. असा धागा उत्तम विद्युत्‌वाहक असतो. फक्त त्या दृष्टीने त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील रेमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमारास कापडावर विद्युत्‌मंडले उभारली, तेव्हा त्यांनी धातूची पत्री गुंडाळलेल्या बाण्याचे रेशमी ऑर्गंझा वापरले. असे कापड भारतात निदान शतकभर विणले जात असल्याची नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. आधुनिक वस्त्रविद्युत्‌शास्त्राच्या पायाभूत प्रयोगांत जरीच्या कुळातील कापड होते, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असावी अशी आहे.

इतिहास

शरीराचा घेर लवचीक वाहकाने मोजण्याचा एक प्रसिद्ध आरंभिक प्रयत्न आर. जे. व्हिटनी यांचा होय. १९५३ मध्ये त्यांनी पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायांभोवती बांधून अवयवाच्या घेरातील बदल, आणि त्यावरून रक्तप्रवाह, मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६७ मध्ये कोन्नो व मीड यांनी दाखवले की, श्वासाच्या वेळी धड मुख्यतः दोन भागांनी हलते, छाती आणि पोट; या दोन्हींची हालचाल स्वतंत्रपणे मोजून योग्य प्रमाणात मिळवली तर आत गेलेल्या हवेचे आकारमान बऱ्यापैकी अजमावता येते. दोन पट्ट्यांच्या पुढील सर्व साधनांचा आधार हाच निष्कर्ष आहे.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या साह्याने जॉर्जिया टेक येथे सुंदरेशन जयरामन यांच्या नेतृत्वाखाली एक सदरा विणण्याचे काम सुरू झाले. रणांगणावर सैनिकाला गोळी कोठे लागली हे त्यातील प्रकाशतंतूंच्या तुटण्यावरून कळावे आणि त्याच वेळी त्याची नाडी व श्वास दूरवरच्या वैद्यकास दिसावेत, हा मूळ हेतू. वीज व माहिती वाहून नेणारे संपूर्ण वस्त्र एकसंध विणता येते, हे या कामाने सिद्ध झाले. पुढील दशकात प्रवर्तनाधारित पट्टे शिवलेला 'लाइफशर्ट' बाजारात आला आणि युरोपीय संघाच्या अर्थसाह्याने इटलीत 'वेल्दी' हा प्रकल्प झाला. कॅनडातील कारे टेक्नॉलॉजीज या कंपनीने तयार केलेला 'बायो-मॉनिटर' सदरा डेव्हिड सेंट-जॅक या अंतराळवीराने २०१८-१९ च्या मोहिमेत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वापरला.

भारतातील कार्य

भारतात श्वासाच्या शास्त्रीय मापनाची परंपरा महाराष्ट्रात वस्त्रसंवेदकांच्या कितीतरी आधी सुरू झाली. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून आसने व प्राणायाम यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उड्डियान बंध व नौली यांच्या वेळी उदरातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, हे त्यांनी दाबमापकाने व क्ष-किरणांच्या साह्याने दाखवले.

वस्त्रसंवेदकाच्या दृष्टीने उड्डियान बंध हे विलक्षण उदाहरण आहे. त्यात श्वास पूर्ण बाहेर सोडून कंठद्वार बंद केले जाते आणि मग श्वास घेतल्यासारखी छाती फुलवली जाते. फासळ्या उचलल्या जातात, पोट खोल आत जाते. हवेचा मात्र कणही आत जात नाही. छातीवरील पट्टा या क्षणी ठसठशीत श्वासाची लाट दाखवील. साधकाला त्याने काही अपाय नाही. परंतु झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्या रुग्णातही नेमके हेच घडते: छाती व पोट हलत राहतात, हवा जात नाही. अशा वेळी छाती व पोट बहुधा परस्परविरुद्ध दिशांनी हलतात, म्हणून दोन पट्टे असतील तर फसवणूक ओळखता येते. एकच पट्टा असेल तर ती सुटते. निद्रातपासणीत पट्ट्यांबरोबर नाकाशी हवेच्या प्रवाहाचा संवेदकही लावतात, तो यासाठीच. कुंभकाच्या वेळी उलट अडचण येते. श्वास आत धरून ठेवला की आलेख सपाट होतो. पण पट्टा घसरून सैल पडला तरीही तो सपाटच होतो.

विद्युत्‌मापनाने शरीराचे व्यापार जाणण्याच्या कामात ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने इंपिडन्स प्लेथिस्मोग्राफ विकसित केला. तो वस्त्रसंवेदक नव्हे, पण त्याच कुळातील आहे. बुद्धिमान वस्त्रसामग्रीवर आयआयटी दिल्लीच्या वस्त्रविभागातील 'स्मिता' हा संशोधनगट काम करतो. बंगळुरूच्या 'डोझी' या उत्पादनात गादीखाली घालायच्या पातळ पट्टीतील दाबसंवेदक हृदय व श्वास यांची कंपने टिपतात. २०१५ मध्ये मुदित दंडवते व गौरव परचानी यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे हे साधन असून कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांतून त्याचा वापर झाला. अंगावर काहीच नको आणि रुग्णाला बिछान्यावरच ठेवायचे, अशा ठिकाणी ही पद्धत सदऱ्यापेक्षा सोयीची ठरते.

केंद्र शासनाने तांत्रिक वस्त्रांसाठी नेमलेल्या आठ उत्कृष्टता केंद्रांपैकी चार महाराष्ट्रात आहेत: मुंबईची बीटीआरए (भूवस्त्रे) व सासमिरा (कृषिवस्त्रे), ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन (क्रीडावस्त्रे) आणि इचलकरंजीची डीकेटीई (न विणता केलेले कापड). संवेदक वस्त्रांसाठी या आठांत स्वतंत्र केंद्र नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानामुळे मात्र या विषयाच्या संशोधनासही वाव मिळाला.

कोकणातील व घाटमाथ्यावरील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात कासार्डे, पियाळी व फोंडाघाट या परिसरात सिलिका वाळूचे साठे असून त्यांचे उत्खनन होते. फोंडाघाटाची वाट चढून दाजीपूर–राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठता येते आणि पुढे इचलकरंजी लागते. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला व १९८२ पासून डीकेटीईची वस्त्र-अभियांत्रिकी संस्था आहे. घाटाखाली श्वासाला धोका असलेला व्यवसाय आणि घाटावर कापडाचे ज्ञान, अशी ही जवळीक आहे.

सिलिकाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्याने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. तो बरा होत नाही; आरंभी लक्षणे नसतात आणि धुळीचा संपर्क थांबल्यावरही तो वाढू शकतो. कारखाने अधिनियम १९४८ व खाण अधिनियम १९५२ यांखाली तो अधिसूचित रोग ठरवला गेला. कापूस गिरण्यांतील धुळीने होणारा बिसिनोसिसही कारखाने अधिनियमाखाली अधिसूचित रोग ठरवला गेला. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्यावर छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे आरंभीचे लक्षण. ज्या कापसाने गिरणी कामगारांचा श्वास अडवला, त्याच कापसाच्या वस्त्राने आता श्वास मोजण्याचा प्रयत्न चालला आहे.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. छातीभोवतीचा संवेदक सिलिकोसिसचे निदान करू शकत नाही. निदानासाठी कामाचा इतिहास, छातीचे क्ष-किरण छायाचित्र व श्वसनमापन (स्पायरोमेट्री) हवे. श्वसनमापकात रुग्ण नळीत पूर्ण जोराने फुंकर मारतो आणि एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजले जाते. हा आकडा घेरावरून विश्वासाने काढता येत नाही. वस्त्रसंवेदक सांगू शकतो ते निराळे: दगड फोडताना किंवा घमेले उचलताना श्वासांची गती कितीवर गेली, काम थांबल्यावर ती किती वेळाने पूर्ववत झाली आणि आठवड्या-महिन्यांत या वेळात फरक पडला का. निदान झालेल्या रुग्णाच्या घरगुती देखरेखीसाठी हे उपयुक्त आहे. आजार नसल्याचे प्रमाणपत्र म्हणून तो आलेख कामगारापुढे ठेवला गेला, तर मात्र साधन उपकाराऐवजी अपकार करील. धूळ हवेत उडण्यापूर्वीच पाणी मारून, यंत्रे बंदिस्त करून व धूळ खेचून घेऊन रोखणे हा मूळ उपाय आहे. कोणतेही कापड त्याची जागा घेत नाही.

व्यवहारातील अडचणी

प्रयोगशाळेत ताणयंत्रावर सुरेख आलेख देणारा संवेदक अंगावर चढला की गडबडतो. त्याचे मोठे कारण हालचाल. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटास १२ ते २० श्वास घेतो, तर चालताना सेकंदास सुमारे दोन पावले पडतात. या दोन गती पुरेशा भिन्न असल्याने गाळणी लावून त्या वेगळ्या करता येतात. धावणाऱ्याचा श्वास मात्र जलद होतो आणि पुष्कळदा पावलांच्या तालाशी जुळतो. मग कोणती लाट फुप्फुसाची व कोणती पायांची, हे ठरवणे अवघड होते. म्हणून चांगल्या साधनांत वस्त्रसंवेदकाबरोबर त्वरणमापकही असतो.

दुसरी अडचण घामाची. घाम म्हणजे खारे पाणी आणि खारे पाणी वीज वाहून नेते. वाहक टाक्यांमध्ये ते शिरले की विजेला आडवाटा मिळतात व रोधाचा आकडा खाली येतो. कोकणच्या दमट हवेत, वैशाखात तर सकाळी नऊ वाजताच, ही अडचण दत्त म्हणून उभी राहते. थंड कोरड्या प्रदेशात तपासलेल्या साधनाची येथे फेरतपासणी व्हावयास हवी. वाहक धाग्यावर सिलिकोनचा पातळ थर देणे हा उपाय आहे, पण त्याने कापड उकडते.

धुलाई हा तिसरा प्रश्न. चांदीचा मुलामा घर्षणाने झडतो व हवेतील गंधकाने काळवंडतो. यंत्रातील धुलाईसाठी आयएसओ ६३३० हे प्रमाण आहे. दगडावर आपटून, पिळून, उन्हात वाळत घालण्याची रीत त्यात नाही. खरेदी करताना किती धुलायांनंतर माप टिकते आणि ती धुलाई कोणत्या प्रकारची, हे विचारावे.

मऊ कापड आणि कठीण विद्युत्‌मंडल यांचा सांधा हा सर्वांत कच्चा दुवा असतो. बहुतेक वस्त्रांत बॅटरी व ब्लूटूथ असलेली डबी टिचबटणांनी लावतात, म्हणजे धुताना ती काढता येते. धागा तुटतो तो बहुधा या टिचबटणापाशीच. मापाचा प्रश्नही लहान नाही: सैल सदरा श्वास चुकवतो, घट्ट सदरा श्वासालाच अडथळा करतो. स्त्रियांच्या छातीवरील पट्ट्याची जागा व घट्टपणा यांचा विचार पुष्कळ रचनांत अपुरा दिसतो. लुगडे वा साडी नेसून शेतात वाकून काम करणाऱ्या बाईसाठी बनियनपेक्षा पोलक्याच्या आत बसणारा रुंद पट्टा अधिक व्यवहार्य होईल.

नियमन

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांप्रमाणे नियमनाखाली आली असून वैद्यकीय उपकरणे नियम २०१७ त्यांस लागू होतात. निदानाचा किंवा रुग्णाच्या देखरेखीचा दावा करणारे वस्त्र या कक्षेत येते. केवळ व्यायामासाठी असल्याचे सांगून विकलेले वस्त्र सामान्यतः येत नाही. एकाच प्रकारचा संवेदक वेष्टनावरील मजकुरानुसार दोन बाजूंस पडू शकतो. परिधानयोग्य विद्युत्‌साधनांची आंतरराष्ट्रीय प्रमाणे ठरवण्यासाठी आयईसीची १२४ क्रमांकाची तांत्रिक समिती आहे.

श्वासाच्या नोंदी ही व्यक्तिगत माहिती असल्याने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा संबंध येतो. मालकाने कामगारास असे वस्त्र घालावयास दिले, तर आलेख कोणाच्या फोनवर जातो आणि तो पाहून कामावरून कमी करण्याचा निर्णय घेतला जाईल का, हे प्रश्न वस्त्र अंगात घालण्यापूर्वीच लेखी स्वरूपात निकालात निघालेले असावेत.